गवताची पाळी : ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधलं एक प्रकरण

सकाळचे पावणेनऊ वाजलेले असतात. प्रॉस्पेक्ट पार्कच्या लाँग मेडोवर कुत्रेच कुत्रे दिसतात. काही एकमेकांच्या मागे धावतायत, काही चेंडूसाठी मालकाच्या पायाशी घुटमळतायत, तर एखादा म्हातारा लॅब्रेडॉर ओल्या गवतात पाय पसरून नुसता पडलाय. कोणाच्याही गळ्याला लीश, म्हणजे बांधायची दोरी, नाही. मग कोणीतरी हाक देतं, "पाच मिनिटं राहिली!" शिट्टी होत नाही, भोंगा वाजत नाही, पहारेकरी येत नाही. माणसं खिशातून लीश काढतात, आपापल्या कुत्र्याला हाका मारतात आणि गळ्यातल्या पट्ट्याच्या कड्या अडकू लागतात. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याच गवतावर बाबागाड्या येतात, शाळेची सहल उतरते, कोणी चादर अंथरून पुस्तक उघडतं.

मी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात लेकीकडे दोनदा राहून आले, दोन्ही वेळा काही महिने. तिच्या कुत्र्याला, मोतीला, सकाळी फिरवायचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत त्याआधी दोन वर्षं कुत्र्यांवरून जो कलह चालला होता, त्यात मी कमिटीवर होते आणि थकून गेले होते. त्यामुळे ते नऊचं दृश्य मला साधं वाटेना. शेकडो अनोळखी माणसं एका जागेवरचा आपला हक्क रोज ठरल्या मिनिटाला दुसऱ्यांच्या हवाली कशी करतात, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी वाचलं, विचारलं, रोज पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

जागा

प्रॉस्पेक्ट पार्क ५२६ एकरांचं आहे. अंदाजासाठी सांगायचं, तर दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीनं मॅनहॅटनमधल्या सेंट्रल पार्कनंतर याची आखणी केली आणि १८६७ साली ते लोकांसाठी खुलं झालं. लाँग मेडो म्हणजे त्यातलं जवळजवळ मैलभर लांबीचं, वळणं घेत जाणारं एकसंध कुरण. एकेकाळी तिथे खरोखरच मेंढ्या चरत. १९३४ साली सेंट्रल पार्कातल्या मेंढ्यासुद्धा इथेच हलवल्या गेल्या होत्या. म्हणजे या गवतावर जनावरांचा वावर नवा नाही, आणि तो कोणी, किती, केव्हा करायचा हा प्रश्नही नवा नाही.

न्यूयॉर्कमध्ये बहुतेक लोक फ्लॅटमध्ये राहतात. अंगण नाही, परसू नाही. शहराचा नियम सांगतो की सार्वजनिक जागेत कुत्र्याला सहा फुटांहून लांब नसलेल्या लीशला बांधूनच न्यायचं. पण सहा फुटांच्या दोरीवर कुत्रा चालू शकतो, धावू शकत नाही. ज्यांनी घरात दीड-दोन वर्षांचं दांडगं पिल्लू सांभाळलंय, त्यांना दिवसभर न धावलेल्या कुत्र्याची संध्याकाळ कशी जाते ते सांगायला नको. सोफा फाटतो, भिंत कुरतडली जाते, आणि शेजारी भुंकण्याची तक्रार घेऊन दारात उभे राहतात.

यावर बहुतेक शहरं कुंपण घालतात. न्यूयॉर्कमधलं कुत्र्यांसाठीचं पहिलं कुंपणबंद आवार, तिथल्या भाषेत 'डॉग रन', १९९० साली ईस्ट व्हिलेजमधल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये झालं. आज शहरात अशी आवारं ठिकठिकाणी आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं ओहलोनी डॉग पार्क त्याही आधीचं, १९७९ सालचं. जमिनीखालून मेट्रो नेल्यावर वर जी मोकळी पट्टी उरली होती, तिच्यावर रहिवाशांनी ते उभं केलं आणि पुढे त्यांच्याच संघटनेनं सांभाळलं. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेनं २०१८ साली कोंडापूरला १.३ एकरांवर असं पार्क बांधलं.

कुंपणाचा मार्ग सोपा, पण त्याला जागा लागते, आणि ती जागा बाकी सगळ्यांसाठी कायमची संपते. वर त्या छोट्या आवारात गवत टिकत नाही. माती उघडी पडते, पावसात चिखल होतो, उन्हाळ्यात वास येतो. प्रॉस्पेक्ट पार्कनं जागा न वाटता वेळ वाटली. पार्क पहाटे पाचला उघडतं आणि रात्री एकला बंद होतं. पाच ते नऊ आणि रात्री नऊ ते एक या वेळात ठरलेल्या कुरणांवर कुत्रे मोकळे सोडता येतात. मधले बारा तास लीश सक्तीची.

आपल्या शेतकऱ्याला हे एका शब्दात कळेल: पाळी. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पांझरा नदीचं पाणी शेकडो वर्षं असंच वाटलं गेलं. पाटाला कुंपण घालता येत नाही, म्हणून पाण्याची वेळ वाटायची आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला गावानंच पाटकरी नेमायचा. लाँग मेडोवर गवताची पाळी आहे. मला शोधायचा होता तो तिथला पाटकरी.

आधी शी, मग मोकळीक

या कहाणीची सुरुवात कुत्र्यांच्या स्वातंत्र्यापासून होत नाही, त्यांच्या विष्ठेपासून होते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फुटपाथवर पाय जपून टाकावा लागे. मुलांना होणाऱ्या जंतसंसर्गाची भीती पुढे करून फ्रॅन ली या कार्यकर्तीनं 'चिल्ड्रन बिफोर डॉग्ज' नावाची चळवळ चालवली. कुत्रेवाले संतापले. 'मालकानं उचलायचं' ही कल्पनाच त्या काळी अपमानकारक वाटे, आणि अशी सक्ती झाली तर लोक कुत्रे रस्त्यावर सोडून देतील अशी भीती प्राणिप्रेमींकडूनही बोलून दाखवली जाई. अखेर राज्यानं कायदा केला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून, एड कॉच महापौर असताना, तो शहरात लागू झाला: आपल्या कुत्र्याची शी आपण उचलायची, नाहीतर दंड.

मला हा सगळ्या प्रकरणाचा पाया वाटतो. पुढे जे झालं ते या एका सवयीशिवाय झालं नसतं. मालक वाकून, हातात पिशवी घालून, सगळ्यांदेखत ते उचलतो, तेव्हा कुत्रा नसलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते. या प्राण्याचा त्रास माझ्यावर ढकलला जात नाहीये, तो कोणीतरी स्वतःकडे घेतोय. तो विश्वास आधी आला, मोकळीक नंतर आली. आपल्याकडे आपण हा क्रम उलटा धरतो. आधी कुत्र्यांना हक्क द्या म्हणतो, आणि उचलण्याचा विषय निघाला की "माळीकाका आहेत की" असं उत्तर येतं.

तोंडी शब्द

१९८० च्या दशकात पार्क खात्याचे आयुक्त हेन्री स्टर्न होते. ते १९९० च्या दशकात पुन्हा त्या पदावर आले. बूमर नावाचा त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर शहरात त्यांच्याइतकाच ओळखीचा होता. त्या काळात रात्री नऊ ते सकाळी नऊ कुत्रे मोकळे असले तर पार्कच्या माणसांनी दंड करायचा नाही, अशी एक तोंडी सवलत सुरू झाली. नियम बदलला नव्हता. लीश बारा महिने चोवीस तास सक्तीचीच होती. फक्त ठरावीक वेळात कानाडोळा करायचा असं ठरलं होतं.

यामागे नुसतं प्राणिप्रेम नव्हतं. त्या काळातली न्यूयॉर्कची उद्यानं पहाटे आणि रात्री धोक्याची होती. भल्या पहाटे, बर्फ पडत असतानाही, दररोज न चुकता पार्कमध्ये येणारा एकच वर्ग होता, तो म्हणजे कुत्रेवाले. ज्या वेळी जागा ओस पडते, त्या वेळी यांच्यामुळे ती जागती राहायची. सवलतीचे समर्थक पुढे हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडत राहिले. पार्कला या माणसांचा उपयोग होता आणि या माणसांना पार्कची गरज होती. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळत होतं, म्हणून तोंडी शब्द वीस वर्षं टिकला.

याच काळात प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये कुत्रेवाल्यांची संघटना उभी राहिली. नाव 'फायडो'. इंग्रजीत ते कुत्र्याचं जुनं, घरगुती नाव, आपल्या मोतीसारखं. मालकांनी एकत्र येऊन नव्या माणसाला नियम सांगायचे, पिशव्या पुरवायच्या, पार्कच्या व्यवस्थापनाशी बोलायचं, सफाईला हात लावायचा हे तिचं काम. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी 'कॉफी बार्क' भरतं. माणसांना कॉफी, कुत्र्यांना बिस्किटं, आणि टेबलावर नियमांची पत्रकं. मी एकदा त्या टेबलाशी थांबले. समोरच्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही, मोतीचं विचारलं. मग मी तिथे कायमची "मोतीची आजी" झाले. मलाही तिथली माणसं त्यांच्या कुत्र्यांच्या नावांनीच आठवतात.

कोर्टात

तोंडी शब्दाचा एक धोका असतो. ज्याला तो मान्य नाही, तो लेखी नियमावर बोट ठेवू शकतो. न्यूयॉर्कच्याच क्वीन्समधल्या मिडल व्हिलेज भागात जुनिपर व्हॅली पार्क आहे. तिथल्या रहिवाशांच्या 'जुनिपर पार्क सिव्हिक असोसिएशन'नं २००६ साली शहरावर दावा लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शहराच्या आरोग्य संहितेनुसार लीश सक्तीची आहे, त्याला अपवाद लिहिलेला नाही, मग पार्क खातं कोणाच्या अधिकारात सूट देतं? लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्र्यांना घाबरणारे लोक यांनी सकाळी बागेत यायचंच नाही का?

हा दावा वाचताना मी मनानं त्यांच्या बाजूला झुकले, हे कबूल करायला हवं. घाबरणाऱ्या माणसाची भीती खरी असते. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य ऐकून ती जात नाही. आणि ज्या नियमाबद्दल कोणाचं मत विचारलं गेलं नाही, जो कुठे लिहिलेला नाही, तो पाळायला लावणं म्हणजे गावानं न केलेल्या ठरावाचा दंड वसूल करणं.

पार्क आयुक्त तेव्हा एड्रियन बेनेपी होते. त्यांच्या बाजूचा मुद्दा असा की वीस वर्षं ही सवलत आहे, त्या काळात शहरात कुत्रे चावण्याच्या नोंदी वाढल्या नाहीत, उलट घटल्या. क्वीन्समधल्या राज्य सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश पीटर केली यांनी २००६ अखेर पार्क खात्याच्या बाजूनं कौल दिला. (न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात ते मूळ दावा चालवणारं खालचं न्यायालय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाशी त्याची गल्लत होऊ नये.)

पुढची गोष्ट मला निकालापेक्षा मोलाची वाटते. खटला जिंकल्यावर शहराला गप्प बसता आलं असतं. तसं झालं नाही. त्याच डिसेंबरात शहराच्या आरोग्य मंडळानं आरोग्य संहितेत बदल करून ठरावीक वेळेची मोकळीक लेखी मान्य केली, आणि २००७ मध्ये ती पार्क खात्याच्या नियमांत आली. लेखी होताना तिला अटीही जोडल्या गेल्या. कुत्र्याला शहराचं लायसन्स हवं, रेबीजची लस हवी, आणि दोन्हीचा पुरावा मागितल्यावर दाखवता आला पाहिजे. खेळाची मैदानं, मुलांची खेळणी असलेली जागा अशा ठिकाणी मोकळीक नाही. जागाही नेमून दिलेल्या, पार्क सरसकट खुलं नाही. लायसन्सची वर्षाची फी नसबंदी केलेल्या कुत्र्याला साडेआठ डॉलर आणि न केलेल्याला चौतीस. या फरकामागचा हेतू उघड आहे.

दावा हरलेल्या बाजूनंच ही व्यवस्था पक्की केली, असं माझं मत झालं. जुनिपरवाल्यांनी बोट ठेवलं नसतं, तर सगळं आजही कोणा आयुक्ताच्या मर्जीवर चाललं असतं, आणि लसीची अट अशी अक्षरात उतरली नसती. विरोध करणाऱ्याला शत्रू समजून बाजूला टाकलं की आपण आपलाच ठराव कच्चा ठेवतो.

पाटकरी सापडला

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. मोतीला घेऊन मी फाटकातून आत आले आणि कुरणाकडे जाणाऱ्या वाटेवरच त्याची लीश काढली. सात वाजले होते, मोकळ्या वेळेतच होते. पण मोकळीक कुरणावर असते, वाटेवर नसते. वाटेवरून सायकली जातात, पळणारे जातात. एका मुलीला मोती आडवा आला आणि ती पडता पडता वाचली. ती काही बोलली नाही, निघून गेली. मला बोलली ती मागून आलेली एक वयस्क बाई, दोन पूडल घेऊन चाललेली. आवाज शांत होता, पण शब्द स्पष्ट: "वाटेवर लीश लावा. ती मुलगी तक्रार करेल ती तुमची नाही, आमच्या सगळ्यांची."

मला त्या वेळी लागलं. परक्या देशात, सकाळी सकाळी, एका अनोळखी बाईनं ऐकवलं. पण पुढचे अनेक दिवस मी पाहत राहिले तेव्हा कळलं, की तिथे हेच चालतं. सव्वानऊला कोणाचा कुत्रा मोकळा दिसला, की त्याला टोकतो तो दुसरा कुत्रेवालाच. शी न उचलता कोणी पुढे निघाला, की त्याच्या हातात पिशवी ठेवतो तो दुसरा कुत्रेवालाच. पार्कचे गणवेशातले अधिकारी आहेत आणि ते दंडही करतात, पण इतक्या मोठ्या जागेत ते किती ठिकाणी पुरणार? मला तर ते फारसे दिसलेच नाहीत.

याचं कारण त्या बाईंच्या वाक्यात आहे. ही वेळ सगळ्यांची मिळून एकच आहे. एकानं गमावली की सगळ्यांची जाते. कुंपणातल्या डॉग रनमध्ये हा धाक कमी असतो, कारण कुंपण कोणी काढून नेणार नाही. इथे मात्र नऊनंतर गवतावर येणारा प्रत्येक जण दररोज नकळत निकाल देत असतो. त्याला घाण दिसली, खोदलेला खड्डा दिसला, की कुत्रेवाल्यांच्या खात्यातून काहीतरी वजा होतं. म्हणून कुत्रेवाले फुटबॉलएवढा खड्डासुद्धा पायानं बुजवून जातात. पाटकरी नेमलेला नाही, पाणी घेणारा प्रत्येकजण पाटकरी आहे.

पावसाळी दिवसांत याचा कस लागतो. ओल्या जमिनीवर दहा कुत्रे एका जागी धावले की तासाभरात गवताची मुळं वर येतात. पार्कचं व्यवस्थापन १९८७ पासून प्रॉस्पेक्ट पार्क अलायन्स ही ना-नफा संस्था शहरासोबत पाहते. एखादा पट्टा झिजला की तात्पुरतं कुंपण घालून गवताला विश्रांती देतात. त्या कुंपणावरून कुत्र्यानं उडी मारली, तर बाजूचे पाच जण एकदम ओरडतात.

जिथे ही पाळी पुरत नाही

लाँग मेडोच्या कडेला तळ्याचा एक उतार कुत्र्यांना पोहण्यासाठी राखलेला आहे. त्याला सगळे 'डॉग बीच' म्हणतात. उन्हाळ्यात तिथला आनंद पाहण्यासारखा असतो. पण पार्कच्या तळ्यांना शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या नळातून पाणी येतं. जुन्या पाइपांतलं शिसं विरघळू नये म्हणून त्या पाण्यात फॉस्फेट घालतात. माणसांच्या आरोग्यासाठी घातलेला तोच फॉस्फेट साचलेल्या तळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं खाद्य होतो. असं शेवाळ माजलेलं पाणी कुत्र्यानं प्यायलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात तशी सूचना लागली की पाण्याजवळ जायचं नाही. हा प्रश्न शिस्तीनं किंवा श्रमदानानं सुटणारा नाही. त्याला पाण्याचं तंत्र आणि पैसा लागतो.

दुसरी मर्यादा मला जास्त सलते. एकमेकांना टोकण्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत टोकणारा कोण आहे यावर सगळं अवलंबून राहतं. २५ मे २०२० रोजी सकाळी सेंट्रल पार्कच्या रॅम्बल भागात क्रिश्चन कूपर नावाचे एक कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षक होते. रॅम्बल म्हणजे दाट झाडी, जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांची जागा. तिथे कोणत्याही वेळी लीश सक्तीची आहे. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याला बांधा, असं त्यांनी एका गोऱ्या बाईला सांगितलं. तिनं पोलिसांना फोन करून एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय असं कळवलं. कूपर यांनी मोबाइलवर केलेलं चित्रण जगभर पाहिलं गेलं.

माझ्यासारख्या साडीवरच्या आजीला पूडलवाल्या बाईंनी टोकलं, मी चुपचाप लीश लावली, कोणाचं काही बिघडलं नाही. तेच टोकणं कूपर यांना किती महाग पडू शकलं असतं! "लोकच लोकांवर लक्ष ठेवतात" हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा त्या लोकांत सगळ्यांचा आवाज सारखा ऐकला जातो का, हे विचारायला हवं. याच प्रश्नामुळे मला माझी सोसायटी नव्यानं दिसली.

पुण्यात

आमच्या सोसायटीत दीडशेवर फ्लॅट, एक मधली बाग, क्लबहाउसच्या मागे एक दुर्लक्षित लॉन, अकरा घरांत कुत्रे. एका मुलाच्या अंगावर एक बीगल धावून गेला. चावला नाही, पण मुलगा पडला, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी बागेच्या दारावर पाटी लागली: पाळीव प्राण्यांना सक्त मनाई. कुत्रेवाल्यांनी वकिलाची भाषा सुरू केली. जिन्यात, लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

कायद्यानं दोन्ही बाजू कच्च्या होत्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमतानंही नाही. पण त्याच सूचना मालकांनाही सांगतात की प्राण्याचा इतरांना उपद्रव होऊ देऊ नका, सार्वजनिक जागेत बांधून न्या, शी उचला. आणि बागेबद्दल त्यात जे सुचवलंय ते वाचून मी थक्क झाले. बागेत सरसकट मनाई करण्यापेक्षा इतरांची गैरसोय होणार नाही अशी वेळ ठरवून घ्या, असं त्यात आहे. ब्रुकलिनला जाऊन मी जे शिकले, ते आमच्या फायलीत आधीपासून पडलेलं होतं. आम्ही ते पत्र फक्त बंदीचं कलम शोधण्यासाठी वाचलं होतं.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे, जो लाँग मेडोवर नाही. आपली कुत्र्यांची चर्चा पाळलेल्या कुत्र्यांवर थांबत नाही. गेटवर चार भटके कुत्रे आहेत, त्यांना खाऊ घालणारी माणसं आहेत, आणि त्या कुत्र्यांना नऊ वाजलेले कळत नाहीत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला विसावा नियम इथे कामाचा आहे. सोसायटीनं खाऊ घालण्याची जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळण्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून, जिन्यापासून दूर हवी. आणि वेळ मुलांचं, ज्येष्ठांचं फिरणं पाहून ठरवायची. वाद झाला तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिस, प्राणिसंस्था, तक्रारदार आणि सोसायटी यांच्या प्रतिनिधींची समिती. म्हणजे इथेही जागा आणि वेळ, पाळीच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्याऐवजी वॉर्डनिहाय जागा नेमून देण्याचे आदेश दिले.

मी परत आल्यावर आम्ही क्लबहाउसमागच्या लॉनचा प्रयोग मांडला. सकाळी सहा ते साडेसात, रात्री साडेनऊ ते साडेदहा कुत्रे मोकळे. लसीचं कार्ड ऑफिसात जमा. लॉनला दोन बाजूंनी भिंत होतीच, उरलेल्या बाजूंना कमरेएवढी जाळी लावली. बाकी वेळ लॉन मुलांचं. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला, आणि त्याला मत देणाऱ्यांत पडलेल्या मुलाची आईही होती. तिनं एक अट घातली: घाण दिसली तर त्या आठवड्यापुरतं लॉन कुत्र्यांना बंद, कोणाच्या कुत्र्यानं केली याची चौकशी न करता. सभेत मोठा गोंधळ झाला. पण ती अट म्हणजे पूडलवाल्या बाईंचंच वाक्य होतं, म्हणून मी तिच्या बाजूनं उभी राहिले.

पहिल्या महिन्यात लॉन दोनदा बंद झालं. दोन्ही वेळा कारण एकच, आणि ते आम्ही कोणी आधी ओळखलं नव्हतं. लाँग मेडोवर कुत्रा घेऊन येणारा बहुधा त्याचा मालक असतो. आमच्याकडे सकाळी सहाला लॉनवर येतो तो पगारी मुलगा. तो चार घरांचे चार कुत्रे घेऊन येतो, कारण त्याला साडेसातपर्यंत पुढच्या सोसायटीत पोचायचं असतं. त्याला कोण टोकणार, आणि त्यानं कोणाला टोकायचं? मालक सातव्या मजल्यावर चहा घेत असतो. वेळ गेली तर नुकसान मालकाचं, पण उचलायची मेहनत त्या मुलाची, आणि त्यानं उचललं नाही तर ती सकाळच्या झाडूवाल्या मावशींची. ज्यांनी कमवायचं आणि ज्यांनी गमवायचं ती माणसंच लॉनवर नव्हती.

मावशींना मी विचारलं, काय करावं? त्या म्हणाल्या, "साहेबांना एकदा खाली येऊ दे. बघू दे कुठं पडतंय ते."

तेच आम्ही लिहून घेतलं. आठवड्यातून निदान एकदा, रविवारी, कुत्र्यासोबत घरातलं माणूस लॉनवर आलं पाहिजे. फिरवणाऱ्या मुलानं एका वेळी दोनच कुत्रे आणायचे, आणि त्याच्या पैशांत कपात करायची नाही. हा शेवटचा मुद्दा तीन घरांनी मान्य केला, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. पावसाळ्यात लॉनचं काय करायचं, हेही अजून ठरलेलं नाही.

गेल्या रविवारी सव्वासातला मी खाली गेले. लॉनवर सात कुत्रे होते आणि चार मालक. बीगलचे मालक जाळीपाशी खाली बसून पायानं माती ढकलत एक खड्डा बुजवत होते. जाळीच्या पलीकडे तो मुलगा सायकल टेकवून उभा होता, साडेसात व्हायची वाट बघत.